गोष्ट कोणाची? : ‘मित्राची गोष्ट’चा पुनर्विचार

विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकाचे शीर्षक मराठी व्याकरणाच्या एका योगायोगावर उभे आहे. ‘मित्र’ या पुल्लिंगी सामान्यनामाचे षष्ठीचे रूप ‘मित्राची’ असे होते. सुमित्रा या नावाचा लाडका संक्षेप ‘मित्रा’ हे स्त्रीलिंगी विशेषनाम घेतले तर त्याचेही षष्ठीचे रूप ‘मित्राची’ असेच होते. स्त्रीलिंगी सामान्यनाम असते तर सामान्यरूपाने लिंग उघड केले असते. विशेषनामात ते झाकलेले राहते. त्यामुळे ही गोष्ट कोण्या पुरुष-मित्राची की मित्रा नावाच्या स्त्रीची, हा उलगडा शीर्षक करीत नाही. शिवाय मराठीतील षष्ठी दोन्ही बाजूंनी चालते. ‘आजीची गोष्ट’ म्हणजे आजीविषयीची गोष्ट आणि आजीने सांगितलेली गोष्टही. म्हणजे ‘मित्राची गोष्ट’ ही मित्राविषयीची गोष्ट आहे, तशीच ती एका मित्राने, म्हणजे बापूने, सांगितलेली गोष्ट आहे. गौरी रामनारायण यांच्या इंग्रजी अनुवादाला ‘अ फ्रेंड्स स्टोरी’ हे शीर्षक घ्यावे लागले, तेव्हा यातील निदान एक पदर गळून पडला. अनुवादकाचा तो दोष नव्हे. त्या भाषेत तशी सोय नाही.

शीर्षकातील ही संदिग्धता शब्दखेळ म्हणून सोडून देण्याजोगी नाही, कारण नाटकाची सगळी संरचना तिच्यावर तोललेली आहे. १९८१ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक रंगभूमीवर आले आणि रोहिणी हट्टंगडी यांनी सुमित्रा देव उभी केली. मराठी रंगभूमीवर स्त्रीच्या स्त्रीविषयीच्या ओढीला, तिला आडपडद्याच्या सूचनेत न ठेवता, नाटकाचा विषय म्हणून आणणारी ही आरंभीची आणि दीर्घकाळ जवळजवळ एकाकी राहिलेली संहिता. तेंडुलकरांच्या अन्य नाटकांवर जेवढे रण माजले तेवढे हिच्यावर माजले नाही. ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ यांच्याभोवती जमलेल्या चर्चेच्या मानाने या नाटकाच्या वाट्याला आलेली चर्चा तुटपुंजी आहे. जी आहे तीत ‘धाडसी विषय’ आणि ‘एका वेगळ्या स्त्रीची शोकांतिका’ ही दोन विधाने आलटून पालटून भेटतात. दोन्ही सद्भावपूर्ण आहेत. त्यांतल्या दुसऱ्या विधानाची मात्र नीट तपासणी होणे आवश्यक आहे.

कथानक थोडक्यात असे. बापू हा भिडस्त, स्वतःच्या रूपाविषयी आणि वकुबाविषयी न्यूनगंड बाळगणारा महाविद्यालयीन विद्यार्थी. काळ दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराचा. मोकळी, धीट, खेळांत रमणारी, मुलांशी बरोबरीने बोलणारी सुमित्रा त्याच्याशी मैत्री करते आणि पुढे त्याच्याजवळ आपले मन उघडे करते. लग्नाचा प्रश्न समोर आला तेव्हा तिने घरातल्या गड्याशी संग करून स्वतःची परीक्षा पाहिली होती. त्या परीक्षेतून आपण कोण नाही हे तिला कळले आणि त्यापाठोपाठ तिने आत्महत्येचा प्रयत्न केला. महाविद्यालयाच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते. समोर नायिका नमा. नाटकातले प्रेम नाटकाबाहेर येते. दोघींना भेटायला जागा नाही, म्हणून बापू आपली खोली देतो. नमाचा प्रियकर मन्या दळवी मध्ये येतो, पत्र त्याच्या हाती लागते, धमक्या आणि बदनामी सुरू होते. नमा हातातून निसटते, बापू पाठ फिरवतो आणि मित्रा जीव देते.

हा शेवट मित्राच्या प्रवृत्तीतून अटळपणे निघतो, असे गृहीत धरूनच या नाटकाला शोकांतिका म्हटले जाते. जणू तिच्या शरीरमनाची घडण हाच तिचा हॅमार्शिया. संहिता बारकाईने पाहिली तर ही अटळता कोठेच सिद्ध होत नाही. स्वतःची ओळख पटण्याचा टप्पा मित्राने प्रारंभीच ओलांडलेला आहे. पहिला आत्महत्येचा प्रयत्न त्या टप्प्याचा आहे आणि ती त्यातून वाचली आहे. त्यानंतरची मित्रा स्वतःविषयी संभ्रमात नाही. ती प्रेमात पडते, पत्रे लिहिते, भेटीच्या जागा शोधते, मत्सर करते, हट्ट करते, प्रसंगी समोरच्या माणसाला वापरूनही घेते. कोणत्याही प्रेमिकाने केले असते ते सारे ती करते. मग या दुसऱ्या वेळी ती का वाचत नाही? उत्तर नाटकातच आहे आणि ते तिच्या घडणीत नसून तिच्या ऐकणाऱ्यांच्या संख्येत आहे. मित्राला ऐकणारा माणूस सबंध नाटकात एक आहे. तो गेला की उरलेली संख्या शून्य.

बापू तिला सोडतो तो क्षण म्हणूनच निर्णायक मानला पाहिजे. तो दुष्ट नाही. मित्राशी असलेल्या मैत्रीमुळे त्याची टवाळी होते. दळवीच्या दांडगाईची त्याला भीती वाटते. आणि मित्राविषयी त्याच्या मनात जे काही आहे ते केवळ मैत्रीत मावणारे नाही, हे त्याच्या निवेदनाच्या फटींतून दिसत राहते. त्याच्या माघारीला मानवी कारणे आहेत. पण ही कारणे सांगणाराही तोच आहे! निवेदक जेव्हा स्वतःच्याच पळून जाण्याची हकिगत सांगतो, तेव्हा त्याच्या स्वरातील हळहळ हा पुरावा म्हणून स्वीकारायचा की बचाव म्हणून, हे ठरविण्याची जबाबदारी समीक्षेवर येते. मराठी समीक्षेने ती हळहळ जवळजवळ संपूर्णपणे पुरावा म्हणून स्वीकारली. बापूच्या गहिवरात ती सामील झाली आणि मित्राच्या मृत्यूकडे बापूच्याच जागेवरून पाहत राहिली.

तेंडुलकरांच्याच ‘शांतता! कोर्ट चालू आहे’शी तुलना येथे उपयोगी पडावी. बेणारेचे दीर्घ स्वगत कोर्टातल्या कोणालाच ऐकू जात नाही. खेळाचा काळ थांबतो आणि ती केवळ प्रेक्षकांशी बोलते. त्या स्वगताच्या नाट्यात्म सत्यतेविषयी वाद झाले आहेत. पण तेथे बेणारे आणि प्रेक्षक यांच्यामध्ये कोणी उभा नसतो, ही गोष्ट वादातीत आहे. मित्राला असे स्वगत नाही. ती बोलते ती बापूशी, आणि बापूने आठवले तेवढे प्रेक्षकांपर्यंत पोचते. अविवाहित मातृत्वाच्या प्रसंगी नाटककाराने स्त्रीला स्वतःचा आवाज देण्याची जोखीम पत्करली. स्त्रीच्या स्त्रीवरील प्रेमाच्या प्रसंगी मात्र त्याला एक पुरुष-मध्यस्थ आवश्यक वाटला. हा संकोच होता, की विषयाला प्रेक्षकापर्यंत नेण्याची युक्ती, की आपल्याला या अनुभवाच्या आत जाता येणार नाही याची प्रामाणिक जाण? तिसरा पर्याय तेंडुलकरांच्या एकंदर वृत्तीशी जुळणारा आहे, आणि नाटकाचे बळही त्यातच आहे. बापूच्या अपुरेपणाला त्यांनी कोठेही सजवलेले नाही.

मध्यस्थ निवेदकाची ही युक्ती तेंडुलकरांपुरती नाही. इस्मत चुगताईंची ‘लिहाफ’ ही उर्दू कथा १९४२ सालची, म्हणजे ‘मित्राची गोष्ट’च्या कथाकाळाच्या आसपासची. तिच्यावर लाहोर येथे अश्लीलतेचा खटला चालला आणि चुगताई त्यातून सुटल्या. तेथेही बेगम जान आणि तिची मोलकरीण रब्बू यांच्यातील संबंध एक तिसरीच व्यक्ती सांगते. ती लहान मुलगी असल्यामुळे रजईची भिंतीवरची सावली तेवढी तिला दिसते. चुगताईंची निवेदक रजईच्या बाहेर, तेंडुलकरांचा निवेदक स्वतःच्याच खोलीच्या दाराबाहेर. फरक असा की मुलीचे अज्ञान कथेला उपरोध पुरवते. वाचकाला तिच्यापेक्षा अधिक कळते आणि या जादा कळण्यात त्याचीही झडती होते. बापूचे अज्ञान लवकर संपते. त्यानंतर जे उरते ते अज्ञान नव्हे, अनिच्छा आहे.

खोलीचा प्रश्न जरा थांबून पाहण्यासारखा आहे. वाचताना बापूने खोली दिली याकडे औदार्य म्हणून पाहिले जाते. पण त्या काळच्या शहरात परगावचा मुलगा खोली घेऊन राहू शकतो आणि मुलगी घर किंवा वसतिगृह यांच्या बाहेर कोठेही असू शकत नाही, ही वस्तुस्थिती त्या औदार्याच्या मागे उभी आहे. दोन स्त्रियांचे एकांतात असणे वरकरणी कोणाच्या डोळ्यांत येत नाही, दोन मैत्रिणी एका पांघरुणात निजल्या तरी आई दिवा मालवून जाते, असे म्हटले जाते आणि ते खरेही आहे. परंतु ही मोकळीक घरातल्यांच्या न पाहण्यावर अवलंबून असते. जिला पाहिले गेले तिची मोकळीक संपते. मित्रा ही पाहिली गेलेली स्त्री आहे. तिचे चालणे, बोलणे, खेळणे यांमुळे ती आधीच नजरेत आहे. म्हणून जी सोय नमाला एखाद्या साध्या मैत्रिणीबरोबर सहज मिळाली असती, ती मित्राबरोबर मिळत नाही आणि एका पुरुषाच्या नावावरची खोली लागते.

नाटकातल्या नाटकाची योजना याच संदर्भात अर्थपूर्ण ठरते. मराठीत बोलणाऱ्याला प्रथम पुरुषीही आपले लिंग क्रियापदातून जाहीर करावे लागते. ‘जातो’ म्हणायचे की ‘जाते’ म्हणायचे ही निवड टाळता येत नाही. महाविद्यालयाच्या रंगमंचावर मित्राला ‘मी येतो’ असे नमाला उद्देशून म्हणण्याची समाजमान्य मुभा मिळते. स्त्रीवेषधारी पुरुषावर मराठी प्रेक्षकांनी केलेले प्रेम सर्वश्रुत आहे. बालगंधर्वांच्या साड्यांचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले, ही आख्यायिका तर शालेय पुस्तकांपर्यंत पोचल्यासारखी झाली आहे. त्या मानाने स्त्रियांच्या नाटकमंडळ्यांची आणि त्यांत पुरुषभूमिका करणाऱ्या नटींची आठवण फारशी कोणी ठेवलेली नाही. ज्या परंपरेत एका दिशेचे वेषांतर कलेचे शिखर ठरले आणि दुसऱ्या दिशेचे वेषांतर गैरसोयीची तडजोड ठरले, तीत मित्राची भूमिका प्रयोगाच्या रात्रीपुरतीच सुरक्षित असणार होती. रंग पुसल्यावर तोच अभिनय गुन्हा ठरतो. मात्र येथे एक सावधगिरी हवी. मित्राचा पुरुषवेष आणि तिचे स्त्रीवरील प्रेम यांना एकच समजण्याची घाई अनेक वाचनांत दिसते. पुरुषी वागणे आणि स्त्रीची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एका व्यक्तीत एकत्र येऊ शकतात, येतीलच असे नाही. नमा हे त्याचे नाटकातच हजर असलेले उदाहरण आहे.

नमाविषयी तर समीक्षेने जवळजवळ मौनच पाळले. जे बोलले गेले त्यात चंचल, दुबळी, दुटप्पी अशी विशेषणे आहेत, आणि ती बापूकडून उसनी घेतलेली आहेत. नमा मित्राकडे ओढली जाते आणि दळवीकडेही जाते. ती ठाम होकार देत नाही, ठाम नकारही देत नाही. बापूच्या नैतिक तराजूत खरेपणा म्हणजे एकमार्गीपणा असल्यामुळे नमा त्याला खोटी वाटते. पण नमाची ओढ दोन्हीकडे खरी असू शकते, ही शक्यता नाटक नाकारत नाही. ते तिच्याकडे वळत नाही, इतकेच. मराठीत या अनुभवाला ‘उभयलैंगिक’ हा शब्द आहे. तो कोशात आहे, भाषांतरात आहे, वैद्यकीय लेखांत आहे. कोण्या स्त्रीने स्वतःविषयी बोलताना तो सहज वापरावा इतका तो अजून रुळलेला नाही. मित्राला निदान ‘वेगळी’ म्हणून एक जागा मिळते, मग ती शोकांतिकेची का असेना. नमाला तीही नाही. ती दळवीच्या हिशेबात मालकीची वस्तू, मित्राच्या हिशेबात विश्वासघात आणि बापूच्या हिशेबात कोडे. दळवीची दांडगाई, बदनामीचे भय, घरच्यांचा धाक यांच्या कचाट्यात तिने केलेल्या प्रत्येक हालचालीला ‘निवड’ म्हणणे आणि मग त्या निवडीबद्दल तिला दोष देणे, हे वाचन फारच सोपे झाले.

यावर असा आक्षेप येईल की चाळिशीच्या दशकातील कथानक आणि १९८१ची संहिता यांच्याकडून नंतरच्या जाणिवेची अपेक्षा करणे अनैतिहासिक आहे. आक्षेप वजनदार आहे. पण त्याच काळाचा मराठी इतिहास थोडा वेगळी साक्ष देतो. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७पासून १९५३पर्यंत चालले. वाचकांच्या कामविषयक प्रश्नांना कर्वे त्यात रोखठोक उत्तरे देत, आणि त्या उत्तरांपायी १९३४ साली त्यांच्यावर झालेल्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. समलिंगी संबंधांविषयी तुच्छता न दाखवता बोलता येते, हे मराठी गद्याला मित्राच्या तारुण्यात ठाऊक झालेले होते. म्हणजे भाषा अगदीच नव्हती असे नाही. भाषा एका मासिकाच्या प्रश्नोत्तरांत होती, आणि मित्रा जेथे राहत होती त्या घरात, वर्गात, वसतिगृहात नव्हती. कर्व्यांना पत्र लिहिणाऱ्यांना उत्तर मिळे, पण त्यांना एकमेकांचे पत्ते मिळत नसत. मित्राच्या एकाकीपणाचे स्वरूप नेमके हे आहे. तिला आपल्यासारखी दुसरी कोणी आहे हे माहीत नाही, आणि जी एक सापडते तिच्यावर सारे आयुष्य टाकण्याखेरीज तिला गत्यंतर राहत नाही. नमावरचा तिचा हट्ट कधी कधी जाचक होतो, तो यामुळे.

एकमेकींचे पत्ते मिळणे ही गोष्ट पुढे प्रत्यक्षात घडली आणि तिचा एक धागा मुंबईतच आहे. १९९५ साली येथे ‘स्त्री संगम’ हा लेस्बियन आणि उभयलैंगिक स्त्रियांचा गट सुरू झाला. पुढे त्याने ‘लेबिया’ हे नाव घेतले आणि ‘स्क्रिप्ट्स’ नावाचे नियतकालिकही चालविले. १९९६ साली दीपा मेहता यांचा ‘फायर’ तयार झाला. भारतात तो १९९८ साली प्रदर्शित झाला आणि त्या वर्षाच्या २ डिसेंबरला मुंबईतील चित्रपटगृहांवर हल्ले झाले. त्या वादात ‘हे आपल्या संस्कृतीत नाही’ हा युक्तिवाद मुंबईत जेव्हा केला जात होता, तेव्हा त्याच परिसरातील रंगभूमीवर सतरा वर्षांपूर्वी मित्रा उभी राहून गेली होती, ही आठवण मराठी साहित्यव्यवहाराने मोठ्याने करून द्यायला हवी होती. ‘फायर’च्या समर्थकांपैकीही अनेकांनी नवऱ्यांच्या उपेक्षेमुळे त्या दोघी जवळ आल्या असा खुलासा पुढे केला. तेंडुलकरांच्या नाटकाने या खुलाशाचा आधार मुळातच घेतलेला नव्हता. मित्राला कोणी उपेक्षिलेले नाही, फसवलेले नाही. ती तशी आहे, एवढेच नाटक सांगते. या एका बाबतीत १९८१ची संहिता १९९८च्या चित्रपटापेक्षा पुढे आहे. दुसऱ्या बाबतीत ती मागे आहे: ‘फायर’मधील दोघी अखेरीस एकत्र बाहेर पडतात.

त्यानंतर १९९९ साली अश्विनी सुखठणकर यांनी संपादित केलेले ‘फेसिंग द मिरर’ आले, २००६ साली माया शर्मा यांचे ‘लव्हिंग विमेन’ आले. पहिल्यात स्त्रिया स्वतः लिहितात. दुसऱ्यात श्रमिक, निमशहरी, अल्पशिक्षित स्त्रियांची आयुष्ये नोंदली आहेत. त्यामुळे हा विषय इंग्रजी शिकलेल्या महानगरी स्त्रियांचा आहे, हा समज टिकत नाही. दोन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत, हे मात्र मराठीच्या खाती नावे टाकावे लागेल. २०१८च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले; २०२३च्या ऑक्टोबरात त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. स्त्रियांच्या बाबतीत ३७७पेक्षा घरच्यांनी केलेली पळवून नेल्याची तक्रार आणि कोंडून ठेवणे हीच अधिक नित्याची हत्यारे होती. नाटकातला नमाचा प्रश्न त्या हत्यारांच्या कुळातला आहे.

रवी जाधव यांनी तेंडुलकरांच्या कथेवरून ‘मित्रा’ हा लघुपट केला. २०१४च्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट लघुकथापट ठरला आणि २०१५ साली ‘बायोस्कोप’मधून पडद्यावर आला. वीणा जामकर यांची त्यातील सुमित्रा नव्या प्रेक्षकांपर्यंत पोचली, ही आनंदाची गोष्ट. तेथेही ती एका पुरुष-मित्राच्या डोळ्यांसमोरच उलगडते. साडेतीन दशकांत सांगणाऱ्याची जागा बदलली नाही. ती बदलायची तर मित्राच्या तोंडी स्वगत घालून काम भागणार नाही. त्यासाठी खोलीच्या आतून लिहिणारी लेखिका लागेल, आणि ती तेंडुलकरांना जे दिसले नाही ते लिहील, कदाचित बापूला एखाद्या परिच्छेदात आटोपूनही टाकील.

तूर्त हाती असलेल्या संहितेकडेच परत यावे. अभ्यासक्रमात वा अभ्यासवर्गात हे नाटक शिकविताना ‘मित्राने आत्महत्या का केली’ हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि विद्यार्थी तिच्या स्वभावातून उत्तर काढतात. त्याऐवजी बापूने खोलीची किल्ली परत घेतल्यानंतर मित्रा कोठे जाऊ शकत होती, असा प्रश्न विचारून पाहावा. शहराचा नकाशा काढायला लावावा. आणि नमाविषयीही विचारावे. नाटक संपते तेव्हा नमा जिवंत आहे. मित्रा गेल्याचे तिला कोणी आणि कसे सांगितले, दळवीच्या हाती न पडलेली आणखी पत्रे तिच्यापाशी राहिली होती काय, यांतले काहीही बापूने तिला विचारलेले दिसत नाही.